गिरगाव ते धोबीतलाव: पायी

मुंबईत गिरगाव, ठाकुरद्वार, भुलेश्वर, काळबादेवी आणि धोबीतलाव हे भाग एकमेकांना इतके लागून आहेत की सावकाश चालणारा माणूसही एका सकाळीत ते सगळे ओलांडतो. टॅक्सीतून या पट्ट्याचा अनुभव गर्दी, भोंगे आणि सिग्नल एवढाच येतो. पायी जाणाऱ्याला तिथे नारळीपोफळीच्या वाड्यांचा जुना नकाशा सापडतो, आणि तो केवळ पायीच सापडतो, असे प्रस्तुत लेखकाचे अनेक वर्षांच्या भटकंतीनंतरचे मत आहे.

सुरुवात चर्नी रोड स्टेशनच्या पूर्वेकडून करावी. चौपाटी पश्चिमेला राहते. लोकमान्य टिळकांवर १९२० च्या ऑगस्टमध्ये अंत्यसंस्कार झाले ती जागा तिथेच आहे, पण या फेरीत चौपाटी वगळली तरी चालते. जगन्नाथ शंकरशेट रस्त्याला लागले की दोन्ही अंगांना वाड्यांची तोंडे दिसू लागतात: आंबेवाडी, केळेवाडी, फणसवाडी, कांदेवाडी, गायवाडी, झावबावाडी. तोंड अरुंद असते. त्याच्या एका कडेला पानाची टपरी किंवा इस्त्रीवाला, दुसऱ्या कडेला पाटी. आत शिरल्यावर गल्ली सरळ जात नाही. ती डावीकडे वळते, जरा रुंदावते, पुन्हा आवळते आणि पुष्कळदा एखाद्या भिंतीशी संपते. हे वळण कुणा आराखडाकाराने काढलेले नाही. इथे पूर्वी बागायत होती. एकेका मालकाच्या वाडीत आधी घरे उठली, मग चाळी, आणि वाडीची हद्द तशीच राहिली. आजच्या गल्लीचा बाक म्हणजे पुष्कळ ठिकाणी जुन्या कुंपणाचा बाक आहे. म्हणूनच इथे वाट चुकली तरी घाबरण्याचे कारण नसते. वाडी बंद निघाली तर आल्या वाटेने परतायचे, खुली निघाली तर पलीकडच्या रस्त्यावर उतरायचे.

खोताची वाडी ही खुली निघणारी वाडी. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून आत शिरलेला माणूस विठ्ठलभाई पटेल रस्त्यावर बाहेर पडतो. मधली घरे लाकडी, एक-दोन मजली, मंगळुरी कौलांची. जिना घराच्या बाहेरून चढतो आणि पुढच्या व्हरांड्याचे कठडे नक्षीचे असतात. ही जमीन पाठारे प्रभू खोताची होती आणि घरे मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. ही कुटुंबे बाहेरून आलेली नाहीत. ती या किनाऱ्याचीच आहेत आणि त्यांची घरची बोली मराठीच्या कुळातली आहे. वाडीत क्रूस आहे. मुंबईतले असे बरेच क्रूस १८९६ च्या प्लेगच्या दिवसांतले मानले जातात. दुपारी इथे भांड्यांचा आवाज व्हरांड्यापर्यंत ऐकू येतो, कारण माजघर आणि रस्ता यांच्यात अंतरच नाही. त्यामुळे इथे फिरताना आवाज खाली ठेवणे आणि परवानगीशिवाय कुणाच्या दारावर कॅमेरा न रोखणे हे शिष्टाचाराहून अधिक आहे. लोक तिथे राहतात.

चाळ हा या भागाचा खरा गाभा, आणि इथे पावले मंद करावीत. बाहेरून पाहिले तर लांबलचक गॅलरी, लाकडी कठडे, वाळत घातलेले कपडे, कुंडीतली तुळस. प्रवेशाशी लाकडी जिना, जिन्याखाली विजेच्या मीटरांची रांग, भिंतीवर नावांच्या पत्रपेट्या आणि त्यांच्या शेजारी काळा फळा. फळ्यावर पाण्याच्या वेळेतला बदल, उत्सवाची वर्गणी, दहावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलीचे अभिनंदन आणि कुणाच्या तरी तेराव्याची सूचना एकाच खडूने लिहिलेली असते. ज्याला चाळ समजून घ्यायची आहे त्याने हा फळा वाचावा. भाजीवाला आला की वरून दोरीला बांधलेली पिशवी खाली येते, भाव गॅलरीतूनच ठरतो आणि पिशवी वर जाते. इथल्या सगळ्या जुन्या चाळींत ही पद्धत वृद्धांना जिने चढण्यापासून वाचवते. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. त्या चाळीच्या चौकात उभे राहिले की हा उत्सव इथे का रुजला ते लगेच कळते. तिन्ही-चारी बाजूंच्या गॅलऱ्या चौकाकडे तोंड करून आहेत. मध्ये काहीही झाले तरी ते सगळ्यांच्या दारातच होते.

पुष्कळ चाळींना आज लोखंडी किंवा लाकडी टेकू लागले आहेत. याचे कारण रहिवाशांचा निष्काळजीपणा समजू नये. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, घरमालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, आणि पुढे १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ आले. जिन्याची पायरी नवी सिमेंटची आणि कठडा जुना सागवानी, अशी जी मिसळण दिसते ती या इतिहासातून आली आहे.

ठाकुरद्वाराकडे जाताना उद्योग बदलत जातात. खाडिलकर रस्त्यावर लग्नपत्रिकांची दुकाने, चिराबाजारात मासळी आणि सोन्याचे सराफ, केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह. ‘मॅजेस्टिक’ चित्रपटगृह आता नाही. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट तिथेच लागला होता. प्रार्थना समाजाचा चौक मात्र नावासकट टिकून आहे. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मंदिर जवळच आहे, पण रोज बसथांब्यावर तिचे नाव घेणाऱ्या हजारोंपैकी फार थोडे आत डोकावतात. ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

प्रार्थना समाजाच्या चौकात आणखी एक गोष्ट अंगाला कळते: वारा. वाड्यांमधून घामाघूम बाहेर आलेल्या माणसाला इथे चौपाटीच्या दिशेकडून एकदम झुळूक लागते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राची हवा शिरावी म्हणून ट्रस्टने जुनी घरे पाडून पश्चिमेकडून आत येणारे रुंद रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल रस्ता, हा त्यांपैकी एक, आणि पुढे लागणारी प्रिन्सेस स्ट्रीट ही दुसरी. जगन्नाथ शंकरशेट रस्ता आणि काळबादेवी रस्ता हे उत्तर-दक्षिण जाणारे जुने रस्ते कोंदट आहेत. त्यांना छेदणाऱ्या या दोन रस्त्यांवर शर्टाची कॉलर हलते. एका साथरोगाने शहराची रचना कशी बदलली, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

सी. पी. टँकपासून भुलेश्वर सुरू होते. टाकी नाही, नाव आहे. मराठी बोलणे कमी होऊन गुजराती आणि मारवाडी कानावर येते. फुलांची गल्ली, पूजासाहित्य, बांगड्या, देवांचे कपडे, नकली दागिने, आणि दर काही पावलांवर देऊळ. पांजरापोळ १८३४ मधली आहे. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी आणि जैन रहिवाशांनी दंगा केला, आणि त्यानंतर सर जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांनी जनावरांसाठी ही जागा उभी केली. दाराशी आजही चाऱ्याच्या जुड्या विकत मिळतात आणि ऑफिसला निघालेला माणूस गाईला चारा घालून पुढे जातो.

काळबादेवीत चालणे अवघड होते. कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेल्या हातगाड्या, डोक्यावर ओझे घेतलेले हमाल आणि दुचाक्या यांच्यात पायी माणसाला शेवटचा मान असतो. मुळजी जेठा मार्केटच्या आसपास हमालाला वाट देणे हा पहिला नियम. भरलेली गाडी उतारावर थांबवणे त्याच्या हातात नसते. प्रिन्सेस स्ट्रीटवर औषधांचे घाऊक व्यापारी आणि १९१६ पासूनची पारशी डेअरी. तिथून दक्षिणेला धोबीतलाव.

तिथेही तलाव नाही. फ्रामजी कावसजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरगावातल्या मुगभाटच्या आपल्या वाडीत विहिरी खणून त्यांचे पाणी या तलावात आणले होते. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळांनी शहरात आले, तलावांची गरज सरली आणि ते एकेक करून बुजले. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांच्या हिवतापावरील अहवालानंतर विहिरी झाकण्याचा आग्रह वाढला. वाड्यांमध्ये जाळी मारलेल्या किंवा सिमेंटने बंद केलेल्या विहिरींचे कट्टे त्याचीच आठवण आहेत. लोक त्यांवर बसून पेपर वाचतात.

२०२५ च्या ऑक्टोबरपासून मेट्रोची भुयारी मार्गिका गिरगाव आणि काळबादेवी अशा दोन्ही स्थानकांवर थांबते. काम चालू असताना रस्ते वर्षानुवर्षे पत्र्यांनी अडवलेले होते आणि काही जुन्या इमारती गेल्या. आता पादचाऱ्याला या पट्ट्याच्या मध्यातच उतरता येते. चर्नी रोडपासून चालत येण्याची सक्ती उरलेली नाही. ज्याला वाड्या पाहायच्या आहेत त्याने तरीही चर्नी रोडलाच उतरावे आणि रविवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी सातच्या सुमारास निघावे, कारण रविवारी बाजारपेठ बंद असते आणि दहानंतर काळबादेवीत पाऊल टाकायला जागा नसते.