पट्टा डावीकडे जातो

आमच्या गराजमध्ये गाडी सोडून सगळं राहतं, हे मिशिगनला येऊन गेलेल्या समस्त नातेवाईकांना ठाऊक आहेच. गाडी बिचारी बाहेर बर्फात, आणि आत करवती, रंधे, फळ्या आणि मी. त्यात दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त गृहस्थांकडून जुना ड्रम सँडर घेतला. बायकोच्या मते तो वॉशिंग मशीनपेक्षा जास्त जागा खातो आणि त्याच्या एक दशांशही उपयोगाचा नाही. असो.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: एक भलंमोठं लाटणं समजा. त्याला पॉलिश पेपर गुंडाळलाय आणि ते जागच्या जागी गरागरा फिरतंय. त्याच्या खालून एक रुंद पट्टा हळूहळू सरकत असतो, विमानतळावर बॅगा घेऊन येतो ना, तसा. पट्ट्यावर फळी ठेवायची, ती लाटण्याखालून जाते आणि पलीकडे सपाट, गुळगुळीत होऊन निघते. पट्टा दोन रोलरवर ताणलेला. एक रोलर मोटर फिरवते, दुसरा नुसताच पट्ट्याबरोबर फिरतो. या दुसऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक नट. नट आवळला की ते टोक बाहेर सरकतं आणि पट्टा त्या बाजूला जास्त ताणला जातो. बस, एवढंच यंत्र.

तर झालं असं, की यंदा गणपतीचा चौरंग घरीच करणार असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. मेपलच्या पट्ट्या चिकटवून वरची फळी तयार केली. गणपती तीन आठवड्यांवर. फळी सँडरमध्ये घातली तर ती तिरकी व्हायला लागली. वाकून बघतो तो पट्टा डावीकडे सरकत सरकत लोखंडी कडेला घासतोय आणि त्याचे दोरे निघतायत.

माहितीपुस्तक काढलं. त्यात साधा उपाय आहे: पट्टा ज्या बाजूला सरकतोय त्या बाजूचा नट आवळा, किंवा समोरच्या बाजूचा सैल करा. एका वेळी पाव फेरा. मग थांबा. या 'थांबा'ला फार महत्त्व आहे, कारण पट्टा इतका सावकाश चालतो की केलेल्या बदलाचा परिणाम दिसायला त्याचे चार-पाच फेरे व्हावे लागतात. मी अर्थातच थांबलो नाही. डावा नट पाव फेरा, अजून पाव, अजून अर्धा. पट्टा थोडा उजवीकडे यायचा, फळी घातली की पुन्हा डावीकडे.

हे सगळं अण्णा बघत होते.

अण्णा सहा महिन्यांसाठी आलेत. २०२२ साली आई गेली, त्यानंतर पहिल्यांदाच. घरात त्यांचं मन रमत नाही. टीव्ही नको, देवळात चला म्हटलं तर नको. गराजच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शाल घेऊन बसतात. नवीन वाचकांसाठी: अण्णांची कराडजवळ पिठाची गिरणी होती. बत्तीस वर्षं चालवली. मोटरवरून दगडांपर्यंत रुंद चपटा पट्टा, आणि लहानपणी त्याच्या जवळ गेलं की पाठीत धपाटा. २०११ मध्ये आईचं आजारपण सुरू झालं तेव्हा मीच फोनवरून धोशा लावून गिरणी विकायला लावली. दगड गेले, मोटर गेली. पट्टा मात्र त्यांनी दिला नाही, तो माळ्यावर गुंडाळून ठेवलाय, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी आत्याकडून कळलं.

तर अण्णा म्हणाले, "डावीकडं रूळ जाड झाला असंल. पट्टा नेहमी उंचवट्याकडं चढतो."

मी म्हणालो, पुस्तकात उलट लिहिलंय. ताणलेल्या बाजूपासून पट्टा लांब पळतो.

"पुस्तकाचं मला माहीत नाही. नट आवळू नको, रूळ बघ."

मी घामाघूम. मेपलच्या फळीला एक तिरका चर पडलेला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, ही गिरणी नाहीये."

ते काही बोलले नाहीत. शालीची घडी घातली आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशीही. जेवायला बसले की मुलांशी बोलायचे, माझ्याशी फक्त "मीठ दे." बायकोनं विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. (आत्या, तुला फोनवर 'मजेत आहेत' म्हणालो होतो ते हेच दिवस.)

तिसऱ्या रात्री पुन्हा नटांशी झटापट केली. डावा नट इतका आवळला गेला होता की रोलर नुसत्या डोळ्यांनी वाकडा दिसत होता, तरी पट्टा डावीकडेच. पट्ट्यातच दोष असेल का? त्याची परीक्षा सोपी आहे: पट्टा काढून कडांची अदलाबदल करून बसवायचा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष पट्ट्याचा, त्याच बाजूला राहिली तर रोलरचा किंवा चौकटीचा. म्हणजे काही झालं तरी सगळं खोलणं आलंच.

सकाळी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. म्हटलं, "अण्णा, पट्टा काढायचाय. टेबल एकट्याला उचलत नाही." हे निम्मं खोटं होतं. त्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला, मग उठले.

गराजमध्ये पहिलं वाक्य: "आधी पिन काढ." मी प्लग काढला. ड्रम वर घेतला, नट सैल केले, टेबलाचे बोल्ट काढले, दोघांनी मिळून ते उभं केलं आणि पट्टा मोकळ्या बाजूनं सरकवून काढला. रोलरच्या डाव्या टोकाला दोन बोटं रुंदीचा पिवळट तपकिरी थर होता. दोन पोस्टकार्डं ठेवल्यावर होईल तेवढी जाडी असेल, पण घट्ट. लाकडाचा भुसा आणि चीक दाबून दाबून झालेला. आधीचे मालक पाईनच्या फळ्या काढत असणार.

अण्णांनी नखानं थोडा खरवडला आणि नाकाशी नेला.

"अरे, ही तर राळ!"

गिरणीचा पट्टा घसरायला लागला की त्याला राळ लावायचे. ती पिवळी ढेकळं मला आठवतात, वर्तमानपत्रात गुंडाळून दिवळीत ठेवलेली. राळ पाईनच्याच चिकापासून होते हे मला माहीत होतं, पण ती इथे अशी भेटेल असं वाटलं नव्हतं. अण्णा हसले. "आम्ही विकत आणायचो, तुला फुकट."

टर्पेंटाईन आणि प्लॅस्टिकची पट्टी घेऊन दोघं तासभर खरवडत बसलो. तेव्हा त्यांनी सांगितलं, गिरणीच्या पुलीला मध्ये किंचित पोट असतं, म्हणून पट्टा मध्यावर राहतो. तो का राहतो हे मी नंतर वाचून काढलं. जाड भागाकडची बाजू जास्त ताणली जाते, पट्टा आपल्या अंगातच जरासा वाकतो आणि पुलीवर शिरताना दर फेऱ्याला केसभर वर चढतो. पोट मध्ये असेल तर मध्यावर येऊन थांबतो, आमच्यासारखं एका टोकाला असेल तर त्या टोकाला जातो. पुस्तक सांगतं ती गोष्ट वेगळी. रोलर सगळीकडे सारखाच जाड आहे पण वाकडा बसलाय, तर पट्टा रोलरच्या आसाशी काटकोन धरायला बघतो आणि सैल बाजूकडे घसरतो. मी तीन दिवस नट आवळून एका ओढीला दुसऱ्या ओढीनं दाबत होतो. म्हणजे पुस्तक बरोबर, अण्णाही बरोबर. मी तेवढा...

पट्टा चढवला, यंत्र सुरू केलं, तर तो सरळ उजवीकडे पळाला! कारण डाव्या बाजूचे माझे सगळे प्रताप तसेच. पुन्हा प्लग काढला. अण्णांनी सुतळी मागितली. एका रोलरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत आधी उजवीकडे धरून गाठ मारली, मग डावीकडे. माझ्याकडे बारीक मापाची सगळी हत्यारं आहेत, पण मी गप्प बसलो. सुतळीनं दोन्ही बाजू सारख्या केल्या. ताण बेताचा ठेवला, वरून हात दाबला तर पट्टा रोलरवर घसरू नये इतकाच. जास्त ताणला तर रोलरची बुशिंगं झिजतात. मग पाव फेरा. अण्णांनी घड्याळ बघितलं.

"थांब."

पाच मिनिटं. पुन्हा पाव फेरा. पुन्हा थांब. चौथ्या खेपेला पट्टा मध्यावर आला आणि राहिला. डाव्या कडेचे दोरे कात्रीनं कापून टाकले, ती कड काही आता पहिल्यासारखी व्हायची नाही. फळीवरचा चर जायला सात वेळा घालावी लागली, चौरंग ठरल्यापेक्षा जरा पातळ झालाय.

काम झाल्यावर मी बटण बंद करायला गेलो तर म्हणाले, "राहू दे जरा चालू."

ड्रम बंद केला, नुसता पट्टा चालू ठेवला. त्यांनी खुर्ची ओढली, शाल घेतली. आतून जेवायची हाक आली, मी गेलो. अर्ध्या तासानं त्यांचं ताट घेऊन आलो तेव्हा पट्टा तसाच फिरत होता आणि ते डाव्या कडेकडे बघत बसले होते.