विमानापूर्वीचा मुक्काम

नाशिकहून वणीच्या वाटेने उत्तरेस निघाले म्हणजे सुमारे २५ किलोमीटरवर दिंडोरी लागते. सप्तशृंगीस जाणारे यात्रेकरू हे गाव मोटारीच्या खिडकीतून पाहतात. पौष-माघात द्राक्षांचे व्यापारी येथे तळ देऊन असतात, आणि कादवेवरील करंजवण व पालखेड या धरणांची नावे शाळेतल्या मुलांसही तोंडपाठ असतात. परंतु ज्या प्रवासाविषयी मी लिहिणार आहे, त्याचा या कशाशी फारसा संबंध नाही. आमच्या व आमच्या ओळखीच्या घरांतील मुलेमुली परदेशी राहतात. ती वर्षा-दोन वर्षांनी नातवंडांना घेऊन येतात, महिनाभर घर भरून जाते, आणि मग एके दिवशी ती मुंबईहून मध्यरात्रीनंतरच्या विमानाने परत जातात. त्या शेवटच्या दिवशी मुलांना घेऊन कोठे टेकावे, हा तो प्रश्न. वाटतो तितका तो क्षुल्लक नाही.

रात्री दोन-तीनला विमाने सुटतात, यात विमान कंपन्यांचा दुष्टावा काही नाही. फ्रांकफुर्टचेच उदाहरण घ्या. तेथे रहिवाशांच्या झोपेसाठी रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत नियमित उड्डाणांस मनाई आहे. मुंबईहून तेथवर सुमारे नऊ तास लागतात. हिवाळ्यात त्यांचे घड्याळ आपल्याहून साडेचार तास मागे असते. तेव्हा येथून पहाटे तीनला निघालेले विमान तेथे सकाळी साडेसातला उतरते आणि पुढच्या गावांची विमाने उतारूंना मिळतात. म्हणजे जर्मनीतील आजीबाईंची झोप मोडू नये म्हणून दिंडोरीच्या आजीबाईंनी जागायचे, असा हा व्यवहार आहे!

त्यातून आणखी एक घोटाळा उद्भवतो. आपल्याकडे वार सूर्योदयास बदलतो. विमान कंपनीचा मध्यरात्रीस बदलतो. तिकिटावर सोमवारचे तीन असे छापलेले असते. आमच्या मातोश्रींच्या हिशेबी ती रविवारचीच रात्र. या एका बाबतीत मातोश्रींचे पंचांग अधिक सोयीचे, असे माझे प्रामाणिक मत आहे. घर सोडायचे ते रविवारी, खोली घ्यायची ती रविवारची, आणि मोटार सांगायची तीही रविवारची. तिकिटावरील तारीख पाहून सोमवारची खोली ठरवणारी शहाणीसुरती माणसे मला ठाऊक आहेत.

गेल्या पौषात आमच्या पुतणीचे परतीचे दिवस जवळ आले, तेव्हा माजघरात याविषयी रीतसर सभा भरली. तिची मुले सात आणि तीन वर्षांची. थोरल्या बंधूंचे म्हणणे असे की, हक्काचे घर असता चार घटकांसाठी परक्या खोलीस पैसे का मोजावे? सायंकाळी सहाला जेवून निघावे, अकराला विमानतळ गाठावा. आई म्हणाली, "मुलं गाडीत झोपतील की." पुतणी हसून म्हणाली, "झोपतील गं आजी, झोपतीलच. पण दहाला झोपलेली अकराला उठवायची, रांगेत उभी करायची, आणि मग तीनपर्यंत ती झोपत नाहीत. मग माझ्या कडेवर एक आणि ह्यांच्या कडेवर एक." जावईबापूंनी मान डोलावली. ते मितभाषी आहेत.

बंधूंचे म्हणणे खर्चाच्या दृष्टीने खोटे नव्हते. परंतु रस्त्याचा त्यांनी हिशेब धरला नव्हता. दिंडोरीहून सहारच्या विमानतळापर्यंतचे अंतर सुमारे १९० किलोमीटर. उजव्या हातास रामशेजचा किल्ला ठेवून नाशिकपर्यंत सुखाने येता येते. नाशिक ओलांडले की घोटी, इगतपुरी. तेथे पिंपरी सदोजवळ समृद्धी महामार्गाला लागले, तर कसाऱ्याचा घाट टळतो. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि त्यातील सुमारे पावणेआठ किलोमीटरचा बोगदा मुलांना फारच आवडतो. मात्र खरी परीक्षा आमण्याच्या पुढे असते. भिवंडी, माजिवडे, घोडबंदरची वळणे. तेथे मालमोटारींच्या रांगेत अर्धा तास जाईल की दोन तास, हे सांगणारा ज्योतिषी अद्याप जन्मलेला नाही. सायंकाळी सहाला निघणारा मनुष्य या परीक्षेस रात्री, थकलेल्या मुलांसह आणि घड्याळाकडे पाहत बसतो.

येथे दिंडोरीचाच एक जुना दाखला आठवतो. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून शिवाजी महाराज परत येत असता दाऊदखान कुरेशीने त्यांना वणी-दिंडोरीच्या परिसरात गाठले. महाराजांनी लुटीचे जड सामान एका तुकडीबरोबर पुढे काढून दिले आणि मग मोकळ्या हाताने लढाई दिली. थोर प्रसंगाची घरगुती कामास जोड देणे कोणास अप्रशस्त वाटेल. परंतु सामान आणि लेकरे अडचणीच्या पलीकडे आधी पोहोचवावीत, मग काय व्हायचे ते होवो, हे धोरण प्रवासास फार लागू पडते. आम्ही रविवारी सकाळी नऊला निघावे असे ठरले.

सकाळी निघायचे ठरले म्हणजे खोली कोठे घ्यावी हे आपोआप ठरते. काही जण नाशिकास खोली घेतात; तेथील हॉटेले प्रशस्त आणि तुलनेने स्वस्त असतात. परंतु त्याने साधते काय? १६५ किलोमीटरचा रस्ता तसाच शिल्लक राहतो. इगतपुरीची हवा सुरेख, पण भिवंडी तिच्याही पुढेच आहे. खोली घ्यायची तर विमानतळाच्या शक्य तितकी जवळ, अंधेरी पूर्वेस सहारच्या अंगाला. तत्पूर्वी तिकिटावर विमानतळाचे नाव व टर्मिनल नीट वाचावे. मुंबईची परदेशी उड्डाणे सहारच्या टर्मिनल दोनवरून होतात. टर्मिनल एक पार्ल्याच्या बाजूस आहे. त्यात ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि तो खाडीपलीकडे राहिला. घराजवळचा म्हणावा तर आमच्या दिंडोरी तालुक्यातच, जानोरी गावी, २०१४ साली उद्घाटन झालेली विमानतळाची इमारत आहे. लोक तिला ओझरचा विमानतळ म्हणतात. तेथून देशातील काही शहरांस जाता येते. दिल्लीमार्गे परदेशी जाणाऱ्यास तो उपयोगी पडतो. पण लहान मुले आणि चार बोचकी असता मध्ये विमान बदलणे ज्याचे त्याने ठरवावे.

आता खोली कोणत्या हिशेबाने घ्यावी? येथे हॉटेलांच्या भाषेत एक मेख आहे. दिवसापुरती खोली म्हणून जी मिळते, ती बहुधा सकाळी आठ-नऊपासून सायंकाळी पाच-सहापर्यंत असते. व्यापाराच्या कामासाठी आलेल्या मनुष्यास ती ठीक. तीनच्या विमानास तिचा उपयोग नाही. सहाला खोली सोडून मुलांसह हॉटेलच्या दिवाणखान्यात पाच तास बसण्याची पाळी येते. विमान सायंकाळी आठ-नऊचे असेल तरच ती घ्यावी. मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी सरळ एका रात्रीची खोली घ्यावी. ती दुपारी दोनच्या सुमारास ताब्यात मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बारापर्यंत आपली राहते. भाडे अधिक पडते खरे. पण त्या अधिकाचा एक मोठा उपयोग आहे, तो पुढे सांगतो. टर्मिनलच्या इमारतीतही तासांच्या बोलीने खोल्या मिळतात. एकट्या-दुकट्या उतारूस त्या सोयीच्या. ज्या कुटुंबाबरोबर पोहोचवायला मंडळी आली आहेत, त्यांना बाहेरचीच बरी. तासांवर खोल्या देणारी लहान हॉटेलेही त्या भागात पुष्कळ आहेत. ती सगळी कुटुंबास घेऊन जाण्याजोगी असतातच असे नाही, एवढेच म्हणून पुढे जातो.

दूरध्वनीवरून चार गोष्टी आधी विचाराव्यात आणि उत्तर देणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. पलंग दोन आहेत काय? खिडकीस जाड पडदा आहे काय? मुलांना सायंकाळी निजवायचे तर खोलीत अंधार करता आला पाहिजे. दूध तापवायला व भात कालवायला कढत पाणी खोलीतच मिळेल काय? घरचा डबा आत नेऊ देतील काय? आणि सर्वांत महत्त्वाचे: पोहोचवायला आलेली वडील मंडळी खोलीत बसली तर चालेल काय, आणि रात्री राहिली तर काय पडेल? आमच्या ओळखीच्या एका कुटुंबास हे न विचारल्याचा फार त्रास झाला. त्या हॉटेलाने आजोबांना वर जाऊ दिले नाही, आणि बिचारे तीन तास खाली खुर्चीवर बसून राहिले. मुलांची पारपत्रे परदेशी असतील तर ती हातपिशवीत वरच ठेवावीत. परदेशी पाहुण्यांची नोंद हॉटेलास सरकारकडे करावी लागते. ती कागदपत्रे बांधलेल्या पेटीच्या तळाशी गेली म्हणजे हॉटेलच्या दारातच सगळा संसार उघडावा लागतो.

पेट्या मात्र खोलीत उघडाव्या लागतातच, आणि तेही खोलीचे एक महत्त्वाचे कार्य होय. माहेरवाशीण निघाली म्हणजे ओटी भरली जाते. ओटीत नारळ आला. शिवाय खोबऱ्याच्या वाट्या, मेतकूट, लोणचे, तुपाची बरणी. सुक्या खोबऱ्यात तेलाचे प्रमाण फार असल्याने ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानात ते धोक्याच्या मालात गणले जाते, आणि पोटातल्या सामानातूनही नेऊ देत नाहीत. हातातल्या पिशवीत तर तूपही चालत नाही. शंभर मिलिलिटरहून मोठी पातळ पदार्थांची बाटली काढून घेतात. हे विमानतळाच्या रांगेत कळण्यापेक्षा खोलीत कळलेले चांगले. आमच्या खोलीत दुपारी चारला वजनकाटा लावून पेट्या पुन्हा बांधल्या. खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या, तेव्हा आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "एवढंसं खोबरं विमानाला जड होतं का रे?" तिने विचारले. मी तिला तेलाचे कारण सांगितले. ते तिला पटले नाही. ओटीचा नारळ मात्र तिने स्वतःच बाजूस काढला आणि त्याऐवजी पुतणीच्या पदरात तांदळाची मूठ व सुपारी घातली.

मुलांनी बोगद्याची व वाटेतल्या द्राक्षांच्या बागांची चित्रे काढली, दोनदा स्नान केले, डब्यातला वरणभात खाल्ला, आणि सायंकाळी सहाला पडदे ओढताच झोपली. ही तीन तासांची झोप म्हणजे सगळ्या भाड्याचे चीज. नऊला उठवल्यावर ती ताजीतवानी होती. अकराला रांगेत ती उभी राहिली असती, आणि विमान सुटता सुटता पुन्हा निजली असती, असे हे गणित आहे.

त्या तीन तासांत, मुले निजली असता, जे झाले ते मला अधिक मोलाचे वाटते. आईचे वय ८२. टर्मिनलच्या दाराशी सुरक्षा दलाचा जवान तिकीट व ओळखपत्र पाहतो. तिकीट नसलेल्यास आत प्रवेश नाही. वरच्या रस्त्यावर मोटारीस थांबू देत नाहीत, मागची मोटार भोंगा वाजवीत असते. निरोप म्हणून जे काही घडायचे ते सामान उतरवता उतरवता, दोन मिनिटांत घडते. पूर्वी बॅलार्ड पिअरवर बोटीने जाणाऱ्यास पोहोचवायला सगळे घर जाई आणि रुमाल हलवीत उभे राही. त्या काळी मुंबईत उतरायचे तर क्रॉफर्ड मार्केटासमोरील सरदारगृहासारख्या जागा होत्या. लोकमान्य टिळक मुंबईस आले म्हणजे तेथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे देहावसानही तेथेच झाले. त्या जागांचे भाडे द्यावे लागे, पण माणसांनी माणसांना भेटायचे, ही त्यांची रीत होती.

आजच्या हॉटेलच्या खोलीत ती रीत आपण आपली आणावी लागते. आई पलंगाच्या कडेला बसली होती, पुतणी तिच्या पायाशी. दिवा मंद केला होता. आईने तिला आपल्या लग्नातली, दिंडोरीस बैलगाडीने आल्याची हकीकत सांगितली. ती पूर्वी आम्ही कोणीच ऐकली नव्हती. मध्येच धाकटा झोपेत हसला, तेव्हा दोघी थांबल्या. पुढच्या वेळी याल तेव्हा मी असेन-नसेन, हे वाक्य आई दर खेपेस घराच्या उंबऱ्यात सगळ्यांदेखत बोलते आणि मग सगळ्यांची पंचाईत होते. या वेळी ते तिने तेथे, हलक्या आवाजात, एकटीस सांगितले. पुतणी रडली, आणि तिला रडायला वेळ होता.

साडेदहाला खालून मोटार आली. जावईबापू व मी सामानासह निघालो. आईने खोलीच्या दारातच मुलांचे पापे घेतले. तिला विमानतळाच्या रस्त्यावर नेलेच नाही. एका रात्रीची खोली घेण्याचा जो उपयोग मघाशी राहिला होता, तो हाच. मंडळी गेल्यावरही खोली आपलीच असते. वृद्ध माणसांना घेऊन त्याच रात्री भिवंडी आणि घाटाची वाट पुन्हा तुडवावी लागत नाही. मी परत आलो, तेव्हा आई नातवंडांनी चुरगळलेल्याच पलंगावर निजली होती. बंधूंनी चादर बदलायला माणूस बोलावला होता. तिने त्याला परत पाठवले होते.

सकाळी चहा घेऊन आम्ही सातला निघालो. बारा वाजता, दिंडोरीच्या अंगणात मोटारीतून रिकामे डबे काढीत असता, विमान उतरल्याचा निरोप आला. आईने विचारले, "तिकडे आत्ता किती वाजले?" साडेसात, असे सांगताच ती म्हणाली, "मग मुलांनी अजून दूधही घेतलं नसेल," आणि आत जाऊन खोबऱ्याच्या वाट्या डब्यात भरून ठेवू लागली.