भिंतीजवळचं टेबल

मित्रांनो, एका बाईला मी न बघता, न वाचता शिव्या घातल्या होत्या. भर अभ्यासवर्गात. त्याची फेड म्हणून हे लिहितोय.

बाईचं नाव हॅटी मॅकडॅनियल. अमेरिकेतली काळी नटी. ऑस्कर मिळालेली पहिली काळी व्यक्ती. बाप्या नाही, बाई. 'गॉन विथ द विंड' नावाच्या पिक्चरमध्ये तिनं मोलकरणीचं काम केलं, त्याबद्दल १९४० साली तिला ते मिळालं.

आम्ही तेव्हा विशीतली पोरं. १९७२ ला पँथर निघाली, तिचं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. म्हणून काळ्यांविषयी जे हाताला लागेल ते आम्ही वाचायचो. अर्धं कळायचं, अर्धं नाही. वस्तीतल्या विहारात रविवारी वर्ग भरायचा. कुणीतरी या बाईचा विषय काढला. मी उठलो आणि सुरू झालो. म्हणालो, बाबासाहेबांनी १९२७ ला महाडात काय सांगितलं? मेलेल्या जनावराचं मांस सोडा. शिळ्या-उष्ट्या तुकड्यावर जगू नका. नकार ही माणूस होण्याची पहिली पायरी. आणि ही बाई काय करते? गोऱ्या मालकिणीच्या कमरेच्या नाड्या आवळते, त्याचं बक्षीस घेते आणि वर आनंदानं रडते. ही आपल्या माणसांची गद्दार. टाळ्या पडल्या. मी फुगलो.

त्याच तोऱ्यात घरी आलो. माय नुकतीच कामावरून आलेली, चुलीपुढं बसलेली. तिलाही मी सगळं ऐकवलं. तिनं फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाली, "मंग तुझ्या कालिजाची फी कोन भरली रं?"

माय चार घरची धुणीभांडी करायची. एका घरी तिचा चहाचा कप वेगळा. कान तुटलेला, मोरीच्या खिडकीत पालथा घातलेला. चहा प्यायचा, आपणच विसळायचा, परत पालथा घालायचा. हे मला ठाऊक होतं. माझी फी त्याच घरातून आलेली, हेही ठाऊक होतं. मी गप्प बसलो. पण मनातून हटलो नाही. त्या वयात माणूस एवढ्यात हटत नाही.

पिक्चर बघितला तो फार पुढं. मला नोकरी लागली, मायचं काम सुटलं, घरात व्हिडिओ आला तेव्हा. जवळजवळ चार तासांचं प्रकरण. माय शेजारी बसली. इंग्रजी तिला कुठलं कळायला! पण ती जाडजूड काळी बाई पडद्यावर आली आणि माय सावरून बसली. नाड्या आवळण्याचा तो प्रसंग आला. मायनं विचारलं, "हिचं नाव काय?"

"मॅमी."

"मॅमी मंजी?"

"दाई. लेकरं सांभाळनारी."

"त्ये तर काम झालं. नाव काय?"

मी पिक्चर संपेस्तोवर वाट बघितली. नाव नाही. घर तिच्या जिवावर चाललंय, मालकीण जन्मली तेव्हापासून ही तिथं आहे, आणि तिला नाव नाही. माय म्हणाली, "मला बी त्या घरात बाईच म्हनायचे. चौदा वर्सं."

त्या रात्रीपासून मी या नाव नसलेल्या बाईच्या पाठी लागलो. जमलं तसं वाचत गेलो. जे सापडलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

हॅटीचा बाप हेन्री गुलाम म्हणून जन्मलेला. १८६१ ते १८६५ चं जे यादवी युद्ध झालं, त्यात तो उत्तरेच्या बाजूनं काळ्यांच्या पलटणीत लढला. ज्योतिबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' छापलं आणि काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी झिजलेल्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं. ज्या लढाईला ज्योतिबांनी मान दिला, त्या लढाईतला एक शिपाई हिचा बाप. आणि त्याच्या पोरीला मी गद्दार म्हणालो होतो.

तेरा भावंडांतली ही धाकटी. कॅन्सास राज्यात जन्म, कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात वाढली. भावंडांबरोबर फिरत्या खेळांतून गाणं, नाच, नकला करायची. स्वतः गाणी रचायची. १९२६ ते १९२९ या काळात तिच्या ब्लूज गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. मग १९२९ ला अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. खेळ बंद, पोट उघडं. मिल्वॉकी शहरातल्या एका क्लबात तिला काम मिळालं. काम काय, तर बायकांच्या संडास-मोरीत उभं राहून टॉवेल द्यायचा. बाई गाते हे पुढं कळलं, तेव्हा तिला तिथल्या मंचावर जागा मिळाली.

१९३१ ला ती लॉस एंजेलिसला आली. भाऊ रेडिओवर होता, त्यानं तिला कार्यक्रमात घेतलं. काम ठसकेबाज मोलकरणीचं. लोकांना आवडलं. पण पैसे इतके कमी की पोटासाठी ती खरोखर लोकांच्या घरी मोलकरणीचं काम करत राहिली. मित्रांनो, हे परत एकदा वाचा. रेडिओवर मोलकरणीचं सोंग आणि रेडिओ सुटला की मोलकरणीचंच काम.

तिच्या नावानं एक उत्तर सांगितलं जातं. आठवड्याला सात डॉलरवर मोलकरीण होण्यापेक्षा सातशे डॉलर घेऊन मोलकरणीचं सोंग केलेलं काय वाईट? आधी मला ते निर्लज्ज वाटायचं. आता वाटतं, हे पोथीतून आलेलं बोलणं नव्हे. ज्या बाईनं दोन्ही करून बघितलं, तिचा तो हिशेब आहे.

आता पिक्चरचं ऐका. 'गॉन विथ द विंड'चा पहिला खेळ १५ डिसेंबर १९३९ ला अटलांटा शहरात झाला. दक्षिणेतलं शहर, काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसायला कायद्यानं बंदी. हॅटीला बोलावणंच नाही. जिच्या कामाचं पुढं जगानं कौतुक केलं, ती आपल्याच पिक्चरच्या पहिल्या खेळाला नाही. आदल्या रात्री गोऱ्यांचा नाचगाण्याचा जलसा होता. तिथं गुलामांचे कपडे घालून गायला काळ्यांच्या एका चर्चमधली मंडळी आणली होती. त्यात दहा वर्षांचा एक पोरगा होता. त्याचं नाव मार्टिन लूथर किंग. पुढं अख्ख्या अमेरिकेला ज्यानं जाब विचारला, तोही त्या रात्री गुलामाच्या सोंगात उभा होता. त्याला कोण गद्दार म्हणेल? मी तर हे वाचून बराच वेळ पुस्तक मिटून बसलो.

मग २९ फेब्रुवारी १९४०. लॉस एंजेलिसचं अँबेसेडर हॉटेल. काळ्यांना आत मज्जाव. पिक्चरचा निर्माता सेल्झनिक, त्याला हॉटेलवाल्यांकडं शब्द टाकावा लागला, तेव्हा कुठं हॅटीला आत घेतलं. बसवलं कुठं? पिक्चरची बाकी मंडळी एका मोठ्या टेबलाभोवती. हिचं छोटं टेबल पार भिंतीजवळ. नाव पुकारल्यावर ती तिथून उठली, सगळं दालन चालून पुढं गेली, बक्षीस घेतलं. आपल्या समाजाला आणि सिनेमाच्या धंद्याला भूषण ठरावं एवढीच इच्छा आहे, अशा अर्थाचं बोलली, रडली आणि परत भिंतीजवळ जाऊन बसली.

मी वर्गात ज्या रडण्याची टिंगल केली होती, ते हे रडणं.

पण थांबा. बाईची बाजू घेतली म्हणून पिक्चरला सोडलं असं समजू नका. पिक्चर खोटारडा आहे. गुलाम सुखी होते, मालक मायाळू होते, युद्धानं सगळ्या चांगल्याचा सत्यानाश केला, असं तो रंगीत पडद्यावर सांगतो. त्यातली मॅमी मालकाच्या इज्जतीला मालकापेक्षा जास्त जपते. असल्या मॅमीमुळं गोऱ्याला आपल्या घरातल्या खऱ्या मोलकरणीचं दुःख दिसेनासं होतं. काळ्या लोकांनी थिएटरांपुढं निदर्शनं केली, ती योग्यच होती. मी तिथं असतो तर मीही फलक धरून उभा राहिलो असतो.

वांधा पुढं आहे. काळ्यांची मोठी संघटना एनएएसीपी. तिचे कार्यवाह वॉल्टर व्हाईट १९४२ ला हॉलिवूडला आले. काळ्यांना चांगल्या भूमिका द्या म्हणून स्टुडिओच्या मालकांशी बोलले. मागणी शंभर टक्के खरी. पण जे काळे नट मोलकरणी आणि हमालांची कामं करून जगत होते, त्यांना वाटलं, आपल्या पोटाचा सौदा आपल्याला न विचारता चाललाय. ही कामं बंद झाली तर उद्या चूल कशी पेटायची, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. हॅटी चिडली. दोन्हीकडून तिच्यावर दगड. गोऱ्यांसाठी ती मोलकरीण, आपल्यांसाठी मोलकरणीचं सोंग करणारी.

इथं मला महाड परत आठवलं. वर्गात मी बाबासाहेबांचं नाव घेतलं होतं, पण अर्धंच घेतलं होतं. बाबासाहेबांनी नकार मागितला तो सगळ्या समाजाकडं, परिषद भरवून, सगळ्यांच्या देखत. गावानं वाळीत टाकलं तर सगळे मिळून सोसू, ही त्याच्यामागची ताकद. एकट्या बाईला कोपऱ्यात गाठून, तू नकार दे आणि उपाशी मर, असं त्यांनी कधी सांगितलं नाही. ते मी सांगत होतो. तेही तिच्यासारखीच्याच कमाईवर शिकून.

आणि ही बाई नुसती सोसत बसणारी होती का? नव्हती. आलेल्या पैशातून तिनं लॉस एंजेलिसच्या वेस्ट अ‍ॅडम्स भागात मोठं घर घेतलं. त्या वस्तीला शुगर हिल म्हणायचे. तिथल्या जमिनींच्या कागदांत लिहिलेलं होतं की काळ्याला विकू नये. गोरे शेजारी कोर्टात गेले, यांना बाहेर काढा म्हणाले. हॅटी आणि तिच्याबरोबरचे काळे घरमालक एक झाले. बैठका त्यांच्या घरांत भरायच्या. वकील लॉरेन मिलर, तोही काळा. डिसेंबर १९४५ ला न्यायाधीश थर्मंड क्लार्कनं गोऱ्यांचा दावा फेटाळला. राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनं दिलेले हक्क काळ्यांना पुरते मिळायची वेळ आलीय, असं त्यानं सांगितलं. १९४८ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की असल्या अटी कुठलंच कोर्ट राबवणार नाही. त्या लढाईतही मिलर होता. म्हणजे पडद्यावर मालकाचं घर सांभाळणारी बाई, कोर्टात आपल्या घरासाठी मालकांशी लढली आणि जिंकली. हे वर्गात मला कुणी सांगितलं नाही. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

१९४७ पासून 'ब्यूला' या रेडिओ कार्यक्रमात ती मुख्य भूमिकेत आली. काम परत मोलकरणीचंच. पण वेडंवाकडं, मोडकंतोडकं बोलणार नाही, ही तिची अट होती.

२६ ऑक्टोबर १९५२ ला ती कॅन्सरनं गेली. हॉलिवूडच्या दफनभूमीत पुरा, असं लिहून ठेवलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. काळी होती म्हणून. ज्या धंद्याचं भूषण व्हायचं होतं, त्याच्या मातीतही जागा नाही. शेवटी रोझडेल दफनभूमीत नेली. स्मशानाची वाट अडवणारी गावं आपण पाहिलीत, तुम्हाला जास्त सांगायला नको. १९९९ ला हॉलिवूडच्या त्या जागेत तिच्या नावाचा दगड उभा केला. आत ती नाही, नुसता दगड.

तिच्या काळी सहाय्यक भूमिकेला बाहुली मिळायची नाही, छोटी पाटी मिळायची. ती पाटी तिनं हॉवर्ड विद्यापीठाला, काळ्या पोरांच्या विद्यापीठाला दिली. तिथून ती हरवली. ऑस्करवाल्यांनी २०२३ ला नवीन पाटी करून विद्यापीठाला दिली. तिच्यानंतर अभिनयाचं ऑस्कर काळ्या बाईला मिळायला १९९१ उजाडलं होतं. व्हूपी गोल्डबर्गला. मधे एक्कावन्न वर्षं.

मित्रांनो, नकार द्या. जोरात द्या. पण बोट दाखवताना बघा, ते कुणाकडं जातंय. भिंतीजवळच्या टेबलावर बसलेल्या बाईकडं, का ते टेबल भिंतीजवळ लावणाऱ्याकडं. माझं बोट चुकलं होतं.

माय आता नाही. मला नोकरी लागली त्या महिन्यात तिनं ते घर सोडलं. शेवटच्या दिवशी ती परत आली तेव्हा मी विचारलं, "माय, त्या कपाचं काय केलंस? फोडून आली न्हाईस?"

ती म्हणाली, "मी कशाला फोडू? तिथंच ठिवला. त्यांचा हाय त्यो."