ज्वालामुखीचा जिना

आमचे मेव्हणे हवाई बेटांवर जाऊन आले आणि आमच्या घरात ज्वालामुखी धुमसू लागला. दिसेल त्याच्यापुढे मोबाईल धरायचा आणि किलाउआचा फोटो दाखवायचा. "नॅशनल पार्क आहे, दाजी, ज्वालामुखीचं! तुमच्या कोल्हापुरात काय आहे?"

तांबड्या रश्श्याचे भुरके मारत असला प्रश्न विचारणाऱ्याला काय सांगायचं? तरी मी भूगोल काढलाच. म्हटलं, "किलाउआ म्हणजे कालचं पोर. आमचा ज्वालामुखी ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तोही एका डोंगराला तोंड फुटून नव्हे, जमिनीला भेगा पडून. थरावर थर साचले, म्हणून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेतला जिना!"

"आणि नॅशनल पार्क?"

"चांदोली. २००४ पासून."

झालं! सौभाग्यवतींनी धपाटे बांधले, रविवारी जीप ठरली. जंगलात शिरल्यापासून मेव्हणे धूर शोधत होते. सापडला तो आमच्या ड्रायव्हरच्या बिडीचा, आणि तीही वाटाड्या मामांनी लगेच विझवायला लावली. सड्यावर पोचल्यावर मी तांबड्या जांभ्यावर पाय आपटून म्हणालो, "हाच तुमचा लाव्हा. फक्त लाखो वर्षं उन्हापावसात कुजलेला."

मेव्हण्यांनी फोटो काढला नाही.

परतीच्या वाटेवर मामा एका जोत्यापाशी थांबले. काळ्या दगडांच्या दोन ओळी, मधून झाड वर आलेलं. मामांनी पायताण काढलं.

"हितं आमचं घर हुतं. १९८५ ला अभयारण्य झालं, मग फुडं गावं उठली. ही चूल. हितं म्हस."

कोणी बोलेना. सौ.नं धपाट्यांचा डबा मामांपुढे केला. त्यांनी एक घेतला आणि मेव्हण्यांना विचारलं, "सायेब, तिकडं जाळाच्या शेजारी मान्सं ऱ्हात्यात व्हय?"

"राहतात ना. २०१८ साली सातशेएक घरं गेली लाव्ह्याखाली."

मामा धपाटा हातात धरून बराच वेळ विचार करत राहिले.

"मग त्यास्नी जिमिनी कुठं दिल्या?"

मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जोत्याकडे पाहिलं.

"चला," मामा पायताण घालत म्हणाले, "गाडी येळंत भाईर काढाय पायजे."