सोळा बोराचें काडतूस

कांदिवलीस नव्यानें आलेल्या गृहस्थास येथें बंदुकीचा विषय निघेल असें स्वप्नांतहि वाटणार नाहीं. पश्चिमेस चारकोपपर्यंत इमारतींची दाटी, पूर्वेस आकुर्ली रस्त्यावर ट्रॅक्टरांचा कारखाना व लष्कराचें भांडार, मधून जीव मुठींत धरून वाहणारी पोयसर नदी. पण उगवतीकडे मान वळविली कीं कृष्णगिरीच्या डोंगरांची रांग दिसते, व त्या रानांत आजहि बिबट्याचा वावर आहे. १९२० नंतरच्या दशकांत बॅकबेच्या भरावासाठीं येथल्याच खाणींतला दगड आगगाडीनें मुंबईस जात असे. तेव्हां दारूचा धडाका या गांवास अगदींच परका नाहीं.

आमच्या शेजारच्या एका स्नेह्यांच्या घरीं दोननळी बंदूक आहे. त्यांच्या वडिलांची येथें भातशेती होती. रानडुकरांच्या त्रासामुळें त्यांनीं ती जुनीच विकत घेतली. पुढें शेत जाऊन तेथें सात मजले उभे राहिले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आळा बसला. बंदूक मात्र राहिली. स्नेही आतां सत्तरीस टेकले आहेत. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें परवानेधारकास सत्तर वर्षें पुरीं झालीं, किंवा शस्त्र त्याजजवळ पंचवीस वर्षें असलें, तर त्याच्या हयातींतच वारसास परवाना मिळूं शकतो. त्यांनीं मुलीचें नांव काढलें. ती म्हणाली, "बाबा, जिच्यांत घालायला एक काडतूस मिळत नाहीं, ती बंदूक कसली? लोखंडाची काठी ती. मी कशासाठीं सांभाळूं?"

प्रश्न बिनतोड होता. स्नेह्यांनीं तो मनाला लावून घेतला, व काडतुसाच्या शोधास मला बरोबर घेतलें. आयुष्यभर शब्दरूपावली घोकून घेणाऱ्या मास्तराचा येथें काय उपयोग? पण नळीखालचीं बारीक अक्षरें भिंगानें वाचीत बसणारा दुसरा कोणी त्यांस मिळाला नसावा.

त्या वाचनांतच एक दुपार गेली. नळ्या दस्त्यापासून सोडविल्यावर पोटाशीं लंबवर्तुळांत ई, एल, जी हीं अक्षरें व जवळच १६ हा आंकडा दिसला. बेल्जममधील लिएज शहराच्या परीक्षागृहाची ती मोहोर. जादा दारू भरून नळ्यांची परीक्षा घेण्याचा तेथील प्रघात १६७२ पासूनचा, म्हणजे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाहून दोन वर्षें जुना. आंकड्याचा अर्थ तर मोठा मौजेचा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या सोळा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळींत नेमकी बसेल ती नळी सोळा बोराची. म्हणजे आंकडा वाढला कीं नळी अरुंद! बारा बोराची नळी सुमारें साडेअठरा मिलिमीटर, तर सोळाची पावणेसतरा. गणिताच्या शिक्षकांस घनमुळाचें याहून चांगलें उदाहरण मिळावयाचें नाहीं.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनीं आणला, आणि ही साष्टी १७३७ पर्यंत त्यांच्याच ताब्यांत होती. शुक्रनीतींत नालिकास्त्र आहे, सबब बंदूक आमचीच, असें सांगणारे अजून भेटतात. पण तो भाग मागाहूनचा असें पुष्कळ विद्वान् मानतात. शब्दांनाच साक्षीस बोलावलें तर बंदूक अरबी निघते.

दक्षिण मुंबईतील दुकानदार वयोवृद्ध होते. परवाना पाहिल्यावांचून त्यांनीं चकार शब्द काढला नाहीं. विकलेल्या काडतुसांची नोंद परवान्यावर करावी लागते. मग म्हणाले, "सोळा बोर! मास्तर, बाराचें मागा, आत्तां देतों." खडकीच्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्याचा भर बारावर; परदेशी माल आणण्याची मुभा नामांकित नेमबाजांसारख्या थोड्यांनाच. अखेर त्यांनीं कपाटाच्या तळांतून एक पुडकें काढलें. कागदी नळकांड्यांचीं सात काडतुसें, पावसाळ्यांनीं फुगलेलीं, पितळी बुडांवर हिरवा कळंक.

स्नेह्यांचे डोळे लकाकले. दुकानदारांनीं मात्र आधीं बंदुकीचा कोठा मोजला. जुन्या युरोपीय बंदुकींचा कोठा पुष्कळदां ६५ मिलिमीटर असतो, आजचीं काडतुसें बहुधा ७० चीं. गंमत अशी कीं ७० चें काडतूस ६५ च्या कोठ्यांत सहज बसतें, कारण ही लांबी बार उडाल्यावर तोंड उलगडलेल्या नळकांड्याची असते. बसतें, हाच धोका! उलगडावयास जागा न पुरल्यानें वाट चिंचोळी होते व दाब वाढतो. त्यांतून या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या, काळ्या दारूच्या जमान्यांतल्या.

"हीं सात लांबीला बरोबर आहेत," ते म्हणाले, "पण आंतल्या दारूची हमी मी देणार नाहीं, आणि विकणारहि नाहीं. दुसरें, घरांत दोन बोरांचीं काडतुसें कधीं एकत्र ठेवूं नका. बाराच्या नळींत वीसाचें गेलें तर पुढें सरकून अडकतें. माणसाला वाटतें नळी रिकामी आहे, मागून बाराचें घालतो, आणि नळी फुटते."

"निदान दसऱ्याला एक बार?" स्नेह्यांनीं हळूच विचारलें. वडील दर दसऱ्यास पूजेनंतर एक बार काढीत. दुकानदारांनीं २०१९ ची कायद्याची दुरुस्ती सांगितली: उत्सवांत बेपर्वाईनें बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सात मजल्यांच्या त्या गर्दींत बार काढावयाचा तरी कोठें? स्नेही बराच वेळ त्या पुडक्याकडे पाहात राहिले. मला कायदा पटला, आणि त्यांचें वाईटहि वाटलें.

पुढच्या आठवड्यांत त्या दुकानदारांनीं लेथवर करवून घेतलेलीं दोन पितळी काडतुसें दिलीं. त्यांत दारू नाहीं, छर्रा नाहीं. चाप ओढला असतां आंतल्या खिळीस आधार मिळावा व कमानीचा ताण उतरावा, एवढेंच त्यांचें काम. मुलीनें तीं घालून दोन्ही चाप ओढून पाहिले. कोठ्याचें माप व "७० चें घालूं नये" ही सूचना तिनें जाड अक्षरांत लिहून पेटीच्या झांकणाला आंतून चिकटविली, आणि मग वडिलांना विचारलें, "अर्ज कोणाच्या नांवें लिहावयाचा?" तो पोलीस आयुक्तांच्या कार्यालयांत गेला आहे, उत्तर यावयाचें आहे.