ग्रहणाचा फोटो

शिरूरला आम्ही दोघे भाऊ लग्नाचे फोटो काढतो. ३०० मिलिमीटरची लेन्स घेतली तीही धंद्यासाठीच. चंद्र तिच्यातून आत जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा उमटतो. रात्रीचा फोटो म्हणून शटर उघडे ठेवले, तर नुसता पांढरा ठिपका येतो. कारण चंद्रावर भर उन्हाचा उजेड असतो. स्टँड घट्ट, आयएसओ १००, अपर्चर ११, शटर सेकंदाचा शंभरावा भाग, एवढे पुरते. पौर्णिमेपेक्षा अष्टमीला खड्ड्यांच्या सावल्या छान दिसतात.

३१ जानेवारी २०१८ ला खग्रास चंद्रग्रहण होते. आम्ही दौंडला बहिणीकडे गेलो. तिला सातवा महिना. शेजारच्या बायका म्हणाल्या, "पोरीला बाहेर काढू नका, बाळाचा ओठ फाटेल." आई गप्प राहिली. बहीण मात्र गच्चीवर आली नि म्हणाली, "दादा, बटण मी दाबणार."

पृथ्वीच्या हवेतून वाकून गेलेला तांबडा उजेड तेवढा चंद्रावर पडत होता. शटर पुरे एक सेकंद उघडे ठेवावे लागले.

एप्रिलमध्ये मुलगी झाली. बघायला आलेल्या बायकांनी आधी तिचे ओठ पाहिले. ओठ चांगलेच होते. पण दुभंगलेले असते तरी दोष ग्रहणाचा नव्हता आणि आईचा तर नव्हताच. तसा ओठ शस्त्रक्रियेने सांधता येतो. आईच्या माथी मारलेला बोल मात्र जन्मभर राहतो.

चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्याने काही होत नाही. पुढच्या वेळी घरातल्या गर्भवतीलाही बाहेर बोलवा.