पाणी सोडताना

फ्लाइंग बोटींबद्दल वाचायला लागलो तेव्हा वाटलं, अवघड भाग हवेतला असणार. निघाला पाण्यातला.

1935 साली इम्पीरियल एअरवेजने शॉर्ट ब्रदर्सकडे 28 ‘एम्पायर’ फ्लाइंग बोटी मागवल्या. तेव्हा त्यातली एकही उडाली नव्हती, होते ते फक्त आराखडे. इंग्लंडहून आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलियापर्यंत टपाल आणि माणसं न्यायची होती. वाटेत चांगल्या धावपट्ट्या कमी, पण नद्या, तळी, बंदरं भरपूर. आपल्याकडचं ग्वाल्हेरसुद्धा पुढे त्या मार्गावरचा एक थांबा झालं.

डिझायनर होते आर्थर गाउज. विमान सुमारे अठरा टनांचं, प्रवासी 24. आता गंमत बघा. हवेत उडायचं तर तळ गुळगुळीत, निमुळता हवा. पण तसा तळ पाण्यातून सुटत नाही. वेग वाढला की पाणी त्याला चिकटतं, खाली ओढतं. म्हणून तळाला आडवी पायरी ठेवतात. तिथे पाणी तुटतं, मागे हवा शिरते आणि बोट पाण्यावरून घसरत वेग घेते. शॉर्टच्या रॉचेस्टरच्या कारखान्यात लांब हौद होता, त्यात तळाचे छोटे नमुने ओढून हे सगळं तपासत. जुलै 1936 मध्ये पहिली ‘कॅनोपस’ मेडवे नदीवरून उडाली.

हवेत मात्र ती पायरी नुसता अडथळा. मिनिटभराच्या कामासाठी शेकडो मैल वाहायची.

माझे बाबा खाडीकाठी होड्या बांधतात. मी घरातला पहिला इंजिनियर. पुण्यातल्या एका मुलाखतीत मला सांगितलं, “काम छान आहे, बोलणं जरा सुधारा.” माझ्या बोलण्यात गाव ऐकू येतं. वर्षभर आरशासमोर उभा राहून ते घासत होतो.

आता थांबवलंय. पाणी होडीला कसं धरतं, हे मला पहिल्यांदा कळलं ते याच बोलीत, बाबांच्या हाताखाली. तिथूनच इंजिनियरिंगपर्यंत पोचलो.

दुसऱ्या महायुद्धात जगभर धावपट्ट्या झाल्या आणि प्रवासी फ्लाइंग बोटी मागे पडत गेल्या. धावपट्टीवरून निघणाऱ्याला पायरी लागत नाही. आमच्या दारात धावपट्टी नाही, खाडी आहे.

सोमवारी आणखी एक मुलाखत आहे. बोलतो तसाच बोलणार आहे.